जनरेटरवर ट्रेलरचा एसी वारंवार बंद पडतो: बिघाड नेमका कुठे शोधायचा

"जनरेटर दोन हजार वॅटचा, एसी खातो पंधराशे, मग चालत का नाही?" ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, बाळगणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यातले दोन्ही आकडे बरोबर असतात आणि तरीही एसी न चालणं रास्तच असतं. ते का, हे पुढे येईल. पण खरी गोची वेगळीच आहे. या एका तक्रारीच्या पोटात निदान पाच-सहा निरनिराळे बिघाड असतात आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात: एसी बंद. मग कुणी सॉफ्ट स्टार्ट बसवतं, कुणी मोठा जनरेटर आणतं, कुणी कपॅसिटर बदलतं, आणि दोष निघतो एक्स्टेन्शनच्या वायरीत.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी दोनच गोष्टी टिपून ठेवा: वीज कोणी तोडली आणि कधी तोडली. बहुतेक निदान यातच होऊन जातं.

कोणी तोडली?

जनरेटरचं इंजिन चालूच आहे, पण लाल ओव्हरलोडचा दिवा लागलाय आणि सॉकेटमध्ये वीज नाही, याचा अर्थ जनरेटरच्या इन्व्हर्टरने (त्याच्या आतल्या, वीज सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटने) हात वर केले. इंजिनच बंद पडलं असेल तर गोष्ट वेगळी: ते ऑइल, पेट्रोल किंवा हवेचं प्रकरण आहे, ओव्हरलोडचं नव्हे. ट्रेलरच्या पॅनेलमधला एसीचा ब्रेकर (बहुधा २० अँपिअरचा) पडला असेल, तर जनरेटर निर्दोष असू शकतो आणि संशय एसीवर जातो. मधे लावलेल्या सर्ज प्रोटेक्टरने किंवा ईएमएसने (येणारी वीज तपासून, दोष दिसला तर ती तोडणाऱ्या उपकरणाने) वीज तोडली असेल, तर त्याच्या पडद्यावर कोड दिसतो. तो आधी वाचा. आणि यातलं काहीच पडलेलं नाही, पंखा छान फिरतोय, पण हवा गारच होत नाही, असं असेल तर कॉम्प्रेसरच्या अंगच्या थर्मल ओव्हरलोडने (फार तापल्यावर त्याला बंद करणाऱ्या स्विचने) त्याला बाजूला काढलेलं असतं. तो थंड झाला की काही मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा गुरगुरतो, पुन्हा गप्प. हा प्रकार तासन्‌तास चालू देऊ नका. कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला तो मारक असतो.

पुढे जाण्याआधी दोन चाचण्या करून घ्या. त्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही आणि जनरेटर व एसी यांतला दोषी कोण, हे त्या वेगळं काढतात.

पहिली चाचणी: ट्रेलर बाजूला ठेवून जनरेटरला थेट १५०० वॅटचा साधा खोली गरम करण्याचा हीटर लावा. हीटरला सुरुवातीचा झटका, म्हणजे सुरू होताना क्षणभर जादा वीज ओढणं, नसतो, त्यामुळे ही निव्वळ ताकदीची परीक्षा आहे. जनरेटरचा इकॉनॉमी स्विच (लोड कमी असताना इंजिन मंद ठेवणारा) बंद ठेवून वीस मिनिटं चालवा. इंजिनचा आवाज एका सुरात राहिला तर जनरेटर ठणठणीत. आवाज वरखाली होत राहिला, मशीन धापा टाकायला लागलं किंवा लाल दिवा लागला, तर एसीला दोष देण्यात अर्थ नाही. दुसरी चाचणी उलटी: एसी एखाद्या भक्कम, कायमस्वरूपी वीजजोडणीवर चालवा आणि क्लॅम्प मीटरने तो किती अँपिअर ओढतो ते मोजा. तिथेही तो ब्रेकर पाडत असेल, तर जनरेटर निर्दोष सुटला.

खालचे आकडे उत्तर अमेरिकी बनावटीच्या १२० व्होल्टच्या ट्रेलरचे आहेत. २२०-२४० व्होल्टवर अँपिअर साधारण निम्मे होतात, कथा तीच राहते.

कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणालाच बंद पडतो

सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच. पंखा सुरू होतो, मग कॉम्प्रेसर एकदा "हूं" करतो, दिवे मंदावतात आणि सगळं शांत.

थांबलेल्या मोटरमध्ये उलट दाबाचं व्होल्टेज तयार झालेलं नसतं, त्यामुळे त्या क्षणी प्रवाहाला फक्त वाइंडिंग अडवतं. छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी चालू असताना साधारण १२ ते १६ अँपिअर घेतो, पण सुरू होताना त्याची मागणी पन्नास-साठ अँपिअरच्या घरात जाते. हा आकडा एसीच्या किंवा कॉम्प्रेसरच्या पाटीवर एलआरए या नावाने छापलेला असतो. तो बघा, कारण बीटीयूवरून विजेचा अंदाज बांधता येत नाही. बीटीयू म्हणजे एसी किती उष्णता बाहेर काढतो त्याचं माप. झटका टिकतो अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी. पण २००० वॅटच्या वर्गातला इन्व्हर्टर जनरेटर सलग देतो १६०० ते १८०० वॅट, म्हणजे १३ ते १५ अँपिअर. खोक्यावरचा "२०००" किंवा "२२००" हा क्षणभराचा कमाल आकडा असतो. तो गृहीत धरला तरी सतरा-अठरा अँपिअरच्या वर जात नाही. साठची मागणी आणि अठराचा पुरवठा.

इथे जुन्या धाटणीचा उघड्या फ्रेमचा जनरेटर कधी कधी बाजी मारतो, याचं लोकांना आश्चर्य वाटतं. त्याच्या फिरत्या रोटरमध्ये आणि फ्लायव्हीलमध्ये ऊर्जा साठलेली असते. झटका आला की त्याचं व्होल्टेज खाली जातं, इंजिन कण्हतं, पण तो ते अर्ध सेकंद कसंबसं निभावून नेतो. इन्व्हर्टरवाल्यात निर्णय इलेक्ट्रॉनिक असतो: मर्यादा ओलांडली की ट्रान्झिस्टर वाचवण्यासाठी तो वीज तोडतो, दयामाया नाही. त्यामुळे "शेजाऱ्याचा स्वस्तातला जनरेटर चालवतो, माझा महागडा चालवत नाही" हे खरं असू शकतं, आणि तरीही महागडा बिघडलेला नसतो.

आधी फुकटचे उपाय. इकॉनॉमी स्विच बंद करा. तो चालू असताना इंजिन मंद गतीवर असतं आणि मागणी आली की वर चढायला त्याला वेळ लागतो. कॉम्प्रेसरला तेवढा धीर नसतो. जनरेटरला पाचेक मिनिटं गरम होऊ द्या आणि चोक पूर्ण उघडलाय ना ते बघा. ट्रेलरमधलं बाकी सगळं बंद करा. मग एसी आधी नुसत्या पंख्यावर, जास्त वेगावर लावा आणि मिनिटभराने कूलिंगवर घ्या, म्हणजे पंख्याचा आणि कॉम्प्रेसरचा झटका एकत्र येत नाही. एवढ्यावर ३००० वॅटच्या वर्गातला जनरेटर (सलग २८०० वॅट) १३,५०० बीटीयूचा एसी बहुतेक वेळा उचलतो. २००० च्या वर्गातला मात्र सहसा उचलत नाही.

तिथे उपयोग सॉफ्ट स्टार्टचा. हे छोटं इलेक्ट्रॉनिक उपकरण कॉम्प्रेसरच्या वायरिंगमध्ये बसतं आणि मोटरला व्होल्टेज एकदम न देता हळूहळू चढवत देतं, त्यामुळे झटक्याची उंची निम्म्याहून कमी होते. अशी काही उपकरणं पहिल्या काही स्टार्टमध्ये त्या विशिष्ट कॉम्प्रेसरचा स्वभाव शिकून घेतात. ते पहिले स्टार्ट कशावर आणि किती अंतराने करायचे, हे सोबतच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते पान वगळून थेट छोट्या जनरेटरवर सुरुवात करणारे पुष्कळ, आणि मग "उपकरण काम करत नाही" म्हणणारेही तेच.

हार्ड स्टार्ट किट हा स्वस्त पर्याय म्हणून पुढे केला जातो. दोन्हींची नावं सारखी असली तरी काम उलट दिशेचं आहे. हार्ड स्टार्टमध्ये एक जादा कपॅसिटर असतो. तो मोटरला सुरुवातीला जोर देतो आणि झटक्याचा काळ कमी करतो. झटक्याची उंची तो फारशी खाली आणत नाही. कॉम्प्रेसर जुना असेल किंवा व्होल्टेज थोडं कमी असेल तर तो कामाला येतो. इन्व्हर्टर जनरेटरला मात्र काळापेक्षा उंची खुपते. माझं मत विचाराल तर २००० च्या जनरेटरसाठी हार्ड स्टार्टवर पैसे घालू नयेत.

एकदा सुरू होतो, पण दुसऱ्यांदा उचलत नाही

हा प्रकार जास्त फसवा. पहिला स्टार्ट झाला म्हणजे जनरेटर पुरेसा आहे, असं वाटून माणूस निर्धास्त होतो. पंधरा-वीस मिनिटांनी थर्मोस्टॅट कॉम्प्रेसर बंद करतो, थोड्या वेळाने पुन्हा चालू करतो, आणि लाल दिवा.

कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा त्याच्या एका बाजूला जास्त दाब आणि दुसऱ्या बाजूला कमी दाब असतो. या एसींमध्ये गॅस बारीक केशनळीतून जातो. कॉम्प्रेसर थांबल्यावर त्याच नळीतून दोन्ही बाजूंचा दाब हळूहळू समान होतो. त्याला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी कॉम्प्रेसरला उठवलं तर त्याला दाबाविरुद्ध फिरावं लागतं. मग तो बहुधा फिरतच नाही, जागेवर अडकून झटक्याचा प्रवाह ओढत राहतो. चांगल्या थर्मोस्टॅटमध्ये हा विलंब बसवलेला असतो. गोल बटणाच्या जुन्या यांत्रिक थर्मोस्टॅटमध्ये नसतो, आणि कुणी ते बटण सारखं मागेपुढे फिरवलं की झालं. मुलं ट्रेलरमध्ये असतील तर चौकशीची सुरुवात तिथून करा.

जनरेटरवर असताना एक साधी युक्ती: थर्मोस्टॅट बराच खाली ठेवा, म्हणजे कॉम्प्रेसर बंदच होणार नाही आणि पुन्हा उठण्याची वेळ येणार नाही. पेट्रोल थोडं जास्त जातं. दमट हवेत मात्र कॉइलवर बर्फ धरतोय का याकडे लक्ष ठेवा. हवेचा झोत कमी झाला की समजा बर्फ धरला, आणि अर्धा तास नुसता पंखा चालवा.

दुसऱ्यांदा न उचलण्याचं आणखी एक कारण असतं: मधल्या काळात दुसरंच कुणीतरी वीज प्यायला बसलेलं असतं. ट्रेलरमधली बरीच उपकरणं न विचारता सुरू होतात. फ्रिज "ऑटो"वर असेल तर बाहेरची वीज आल्याबरोबर तो प्रोपेन गॅसऐवजी विजेवर चालायला लागतो आणि तीनेकशे-चारशे वॅट घेतो. बॅटरी उतरलेली असेल तर कन्व्हर्टर तिला जोरात चार्ज करायला लागतो. ५५ अँपिअरचा कन्व्हर्टर पूर्ण भरात असताना एकटाच आठ-नऊशे वॅटपर्यंत ओढू शकतो. आणि सगळ्यांत लबाड म्हणजे वॉटर हीटरचं विजेचं एलिमेंट: सुमारे १४०० वॅट, आणि त्याचा स्विच कित्येक ट्रेलरमध्ये अशा कोपऱ्यात असतो की तो चालू आहे हे महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही. पाणी गरम असेपर्यंत तो शांत, कुणी हात धुतले की जागा. "एसी कधी चालतो, कधी नाही, काही नेमच नाही" अशी तक्रार असेल तर आधी हा स्विच शोधा.

मग फ्रिज आणि वॉटर हीटर गॅसवर घ्या आणि बॅटरी चार्ज करण्याचं काम एसी नको असेल तेव्हा, सकाळी उरकून घ्या. कन्व्हर्टरचा ब्रेकर मात्र फार वेळ बंद ठेवू नका. एसीचा भिंतीवरचा थर्मोस्टॅट आणि छतातलं कंट्रोल बोर्ड १२ व्होल्टवर चालतात. बॅटरी फारच उतरली की बोर्डवरचा रिले सुटतो, एसी बंद पडतो, आणि जनरेटरवर हिरवा दिवा निवांत चमकत असतो.

सकाळी चालतो, भर दुपारी पडतो

दुपारी दोन्हीकडून कोंडी होते. बाहेर गरम असलं की छतावरच्या कंडेन्सरला उष्णता टाकायला जड जातं, गॅसचा दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर जास्त अँपिअर ओढतो. सकाळी १२ घेणारा एसी दुपारी १५ वर जाऊ शकतो. त्याच वेळी गरम, विरळ हवेमुळे इंजिनची ताकद कमी होते. सकाळी जी बारीकशी शिल्लक होती ती दुपारी उरत नाही. म्हणून सॉफ्ट स्टार्ट लावलेला २००० चा जनरेटर एसी सुरू करतो, दहा-पंधरा मिनिटं चालवतो आणि मग ओव्हरलोडवर जातो. सॉफ्ट स्टार्ट फक्त सुरुवात सोपी करतो. सलग चालण्याची मागणी तेवढीच राहते, आणि उपकरण विकताना हे कुणी ठळक अक्षरांत सांगत नाही.

उंचीवर गेलात तर आणखी भर. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला इंजिनची ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. १५०० मीटरवर १६०० वॅटचा जनरेटर सव्वातेराशेच्या आसपास येतो. त्यावर १३,५०० बीटीयूचा एसी दुपारी चालणार नाही, कितीही सॉफ्ट स्टार्ट लावा. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला उंचीसाठीचा वेगळा जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक छिद्र) मिळतो. त्याने मिश्रण सुधारतं आणि काजळी कमी होते, पण हवाच विरळ असल्यामुळे गेलेली ताकद सगळी परत येत नाही. जनरेटर पेट्रोलऐवजी प्रोपेनवर चालवत असाल तर त्याचेही दहाएक टक्के वजा करा.

या प्रकारात छतावर चढून पाहणं फार फायद्याचं ठरतं. एसीचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं की कंडेन्सरच्या पाकळ्यांमध्ये धूळ, परागकण आणि किड्यांचा थर सापडतो. वीज पूर्ण तोडून, कमी दाबाच्या पाण्याने आतून बाहेरच्या दिशेने तो धुवा. जोराच्या फवाऱ्याने पाकळ्या वाकतात. आतल्या जाळीचे फिल्टरही धुवा. स्वच्छ कंडेन्सरमुळे कमी झालेला एखादा अँपिअरसुद्धा काठावरच्या जनरेटरला तारून नेतो. जनरेटर सावलीत ठेवा, पण खोक्यात नाही. आवाज कमी व्हावा म्हणून लाकडी पेटी बांधणारे असतात. त्या पेटीत इंजिन आपलीच गरम हवा पुन्हा ओढत बसतं.

वायर

याकडे सगळ्यांत शेवटी लक्ष जातं, आणि जायला हवं सगळ्यांत आधी. पंधरा मीटरची १४ गेजची, म्हणजे सुमारे दोन चौरस मिलिमीटरची एक्स्टेन्शन घ्या. जाऊन-येऊन तीस मीटर तांब्याचा रोध साधारण पाव ओहम. एसी चालू असताना, १४ अँपिअरला, साडेतीन व्होल्ट वायरीत जातात. ते चालून जातं. पण सुरुवातीच्या ६० अँपिअरच्या झटक्याला त्याच वायरीत १५ व्होल्ट पडतात. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो: १२० चे १०० झाले की जोर सत्तर टक्क्यांवर येतो. मोटर फिरायला जास्त वेळ घेते, तेवढा वेळ झटका टिकतो, आणि इन्व्हर्टर तोडतो. तेवढ्याच लांबीची १० गेजची, सव्वापाच चौरस मिलिमीटरची वायर लावली तर तिथे सहाच व्होल्ट पडतात.

वायर छोटी करण्यासाठी जनरेटर ट्रेलरच्या जवळ ओढून आणू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि एसी चालू असताना ट्रेलरमध्ये माणसं झोपलेली असतात. जनरेटर निदान सहा मीटर लांब, धुराडं ट्रेलरच्या उलट दिशेला, वारा धूर खिडकीकडे आणत नाही ना हे बघून, आणि ट्रेलरमध्ये चालू स्थितीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. ताडपत्रीच्या मांडवाखाली किंवा पिकअपच्या झाकलेल्या हौद्यात तर कधीच नाही. अंतर राखायचंच आहे, तर मग वायर जाडच हवी. इथे काटकसर करून चालत नाही.

सांधेही तपासा. जनरेटरच्या २० अँपिअरच्या सॉकेटमधून ट्रेलरच्या ३० अँपिअरच्या प्लगला जाणारा छोटा जोडतुकडा हा दुबळा दुवा असतो. एसी वीस मिनिटं चालल्यावर वीज तोडून प्रत्येक प्लगला हात लावून बघा: कोमट चालेल, चटका बसला तर आतली पकड सैल झालीय. पितळेची पाती काळवंडली असतील तर घासत बसू नका, तुकडा फेकून द्या. आणि व्होल्टेज मोजायचं ते ट्रेलरच्या आतल्या सॉकेटवर, कॉम्प्रेसर चालू असताना. रिकाम्या जनरेटरवरचे १२० व्होल्ट काही सिद्ध करत नाहीत.

ईएमएस वीज आत सोडतच नाही

यात बिघाड काहीच नसतो आणि मनस्ताप मात्र सगळ्यांत जास्त. जनरेटर उत्तम चाललाय, पण ईएमएस अर्थिंग तुटल्याचा कोड दाखवून अडून बसतो. बहुतेक छोट्या इन्व्हर्टर जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडलेले नसतात. ट्रेलरच्या पॅनेलमध्येही ते मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, कारण तो जोड वीजपुरवठ्याच्या मुळाशीच असावा लागतो. ईएमएसला तो जोड कुठेच सापडत नाही. यासाठी न्यूट्रल आणि अर्थिंग जोडणारा एक प्लग मिळतो. तो जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये बसवायचा. दोन जनरेटर समांतर जोडले असतील तरी तो एकच लावायचा. कायमस्वरूपी जोडणीवर किंवा आधीच जोड असलेल्या जनरेटरवर तो लावू नका. तुमच्या जनरेटरमध्ये जोड आहे की नाही, हे त्याच्या पुस्तिकेतल्या वायरिंगच्या आकृतीत दिसतं.

कोड कमी व्होल्टेजचा असेल, साधारण १०४ च्या खाली, तर वर वायरीबद्दल लिहिलंय तिकडे वळा. ईएमएसवर चिडून तो काढून ठेवणारे पुष्कळ आहेत. तो खरं तर कॉम्प्रेसर वाचवत असतो. वीज परत आल्यावर तो मिनिट-दोन मिनिटं थांबतो, तेही कॉम्प्रेसरच्याच भल्यासाठी.

जनरेटरच आजारी असेल तर

हीटरच्या चाचणीत नापास झालेल्या जनरेटरसाठी हे. रिकामा छान चालतो, लोड दिला की धडधडतो, आणि चोक किंचित ओढला तर सुधारतो, तर कार्ब्युरेटरचा जेट जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने अर्धवट बुजलाय. जेट साफ करा आणि पुढच्या वेळी महिनाभर ठेवायचा असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. एअर फिल्टर ऑइलने ओलाचिंब झाला असेल तर धुवा. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते. ती काजळीने बुजली की इंजिनला श्वास सोडता येत नाही. ही जाळी अस्तित्वात आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

अर्ध्या तासाने इंजिन अलगद विझत असेल आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होत असेल, तर पेट्रोलच्या झाकणावरची हवेची चकती बघा. ती बंद राहिली तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरत नाही. जमीन उतरती असेल तर ऑइल पुरेसं असूनही सेन्सर इंजिन बंद करतो. आणि रात्री दोन-तीनला हमखास बंद पडतो अशी तक्रार असेल, तर हिशेब करा: साडेतीन-चार लिटरची टाकी पूर्ण लोडवर तीन-साडेतीन तासच पुरते. टाकी भरताना इंजिन बंद करून थंड होऊ द्या. तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल सांडलं तर पेट घ्यायला वेळ लागत नाही.

मोठा जनरेटर घ्यावा का?

एकाच १३,५०० बीटीयूच्या एसीसाठी २००० च्या वर्गातले दोन जनरेटर समांतर जोडणं मला सगळ्यांत व्यवहारी वाटतं. मिळून सलग ३२०० वॅटच्या वर मिळतात, एकेकाचं वजन एका माणसाला उचलता येतं, आणि गार हवेत एकावरच भागतं. त्यासाठीची केबल त्याच कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेलीच वापरा. ३००० च्या वर्गातला एकच घेतला तर केबलची कटकट नाही, पण त्यातले काही हलवायला दोन माणसं लागतात. एक २००० चा आणि सॉफ्ट स्टार्ट हे गणित सपाट प्रदेशात, फार कडक ऊन नसताना आणि बाकी सगळं बंद ठेवण्याची शिस्त असेल तरच जमतं. १५,००० बीटीयूचा एसी असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

सगळं ठीक आहे, तरीही उचलत नाही

वायर जाड, हीटरची चाचणी उत्तीर्ण, व्होल्टेज ११५ च्या वर, दाब समान व्हायला वेळ दिलेला, आणि भक्कम वीजजोडणीवरही कॉम्प्रेसर कण्हत उठतो. आता रन कपॅसिटर बघायचा. तो एसीच्या झाकणाखाली, तीन टोकांचा, गोल किंवा लंबगोल डबा असतो. वर फुगला असेल तर मोजायचीही गरज नाही. न फुगलेला कपॅसिटरही कमजोर असू शकतो; मायक्रोफॅरडचं मीटर लावा, आणि छापील आकड्यापेक्षा सहा टक्क्यांहून जास्त कमी आला तर बदला. वीज तोडल्यावरही त्यात भार शिल्लक असतो. तो रोधक लावून उतरवल्याशिवाय बोट लावायचं नाही. ही सवय नसेल तर हे काम एसीच्या मेकॅनिकला द्या.

नवा कपॅसिटर बसवूनही चालू असतानाचे अँपिअर पाटीवरच्या आकड्यापेक्षा बरेच जास्त असतील आणि कंडेन्सर धुतलेला असेल, तर कॉम्प्रेसर आतून झिजलाय. छतावरच्या या एसींमध्ये गॅसची सर्किट सहसा कारखान्यातच बंद केलेली असते आणि कॉम्प्रेसर बदलण्याचा खर्च नव्या एसीच्या जवळ जातो, त्यामुळे सबंध एसीच बदलावा लागतो. बदलणारच असाल तर दुकानात बीटीयूच्या जोडीला पाटीवरचे दोन आकडे वाचा: चालू असतानाचे अँपिअर आणि एलआरए. त्याच क्षमतेच्या दोन मॉडेलमध्ये या आकड्यांत चांगलाच फरक असतो, आणि तुमच्याकडे आज असलेल्या जनरेटरला त्यातलं एखादं मॉडेल सहज झेपू शकतं.